व्हीएफडी चालू झाला की लोडसेलचं वजन नाचतंय, वेगळं अर्थिंग केलं तरी फरक नाही

हळदपेठ_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी. मी सांगलीत हळद पावडरच्या एका पॅकिंग युनिटला मेंटेनन्स बघतो. आमच्याकडं ५ किलोची पिशवी भरायचं मशीन आहे, वर हॉपर, त्याखाली स्क्रू फीडर आणि पिशवी लटकते ती १० किलोच्या एका सिंगल पॉइंट लोडसेलवर (वजनाचा सेन्सर). आधी स्क्रूची मोटर साध्या कॉन्टॅक्टरवर चालायची, दिवाळीनंतर तिला ५ एचपीचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवला म्हणजे शेवटचे दोनशे ग्रॅम हळू भरता येतील असा विचार होता. तेव्हापासून डोकं उठलंय.

ड्राइव्ह बंद असला की वजन एकदम स्थिर, १ ग्रॅमपण हलत नाही. स्टार्ट दिला की ३०-४० ग्रॅम खाली-वर. एखादी पिशवी ४ किलो ९६० ला सुटते तर दुसरी ५ किलो ३० ला. जास्त गेली तर मालकाचं नुकसान आणि कमी गेली तर वैधमापनवाल्यांची केस, त्यामुळं सध्या एक माणूस नुसता साध्या काट्यावर प्रत्येक पिशवी परत तोलत बसलाय.

दुसरं म्हणजे त्याच मशीनवर फिल्म ओढायच्या रोलरला १००० पल्सचा एनकोडर (फेरे मोजणारा सेन्सर) आहे, तासाभरात फिल्मवरचा प्रिंट सात-आठ मिलिमीटर सरकतो. आणि एचएमआयवर (मशीनच्या स्क्रीनवर) अधूनमधून मॉडबसचा (यंत्रांना आपसात जोडणाऱ्या डेटाच्या लाइनचा) टाइमआउट येतो.

वायरिंग असं आहे. मोटरची केबल साधी ४ कोअर २.५ स्क्वेअर एमएम फ्लेक्झिबल, शील्ड नाही, साधारण १८ मीटर. लोडसेलची केबल शील्डवाली आहे पण त्याच ट्रेमधून मोटरच्या केबलला चिकटून येते. पॅनेल पावडर कोटिंगचं. ड्राइव्हचा कॅरिअर (स्विचिंगचा वेग) १२ किलोहर्ट्झवर ठेवलाय कारण कमी केला की मोटर शिट्टी मारते आणि पॅकिंगवाल्या बायका वैतागतात.

एका इलेक्ट्रिशियननं सांगितलं की इलेक्ट्रॉनिक्सला वेगळं क्लीन अर्थिंग पाहिजे. म्हणून मागं अंगणात नवा खड्डा घेतला, केमिकल अर्थिंग केलं, बावीस हजार गेले. टेस्टरवर ०.८ ओहम येतंय म्हणजे चांगलंच आहे. पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि वजनाच्या इंडिकेटरचं अर्थ जुन्या अर्थिंगवरून काढून तिकडं नेलं. फरक शून्य, उलट मला तर वाटतं मॉडबस जास्तच तुटायला लागलाय. आता मालक म्हणतात अजून खर्च करायचा तर आधी खात्री दे. शील्डवाली मोटर केबल घेऊ का? फिल्टर घेऊ का? का लोडसेलच खराब आहे? कुणीतरी नीट सांगा.

पॅनेलवायरिंग_भोसरी

भाऊ आधी काही विकत घेऊ नका, आणि तो नवा खड्डा आजच्या आज जुन्या अर्थिंगला जोडून घ्या. हे पहिलं काम, नॉइजसाठी (सिग्नलमधे घुसणाऱ्या विजेच्या गोंगाटासाठी) नाही, जिवासाठी. दोन अर्थिंग एकमेकांना न जोडता ठेवली आणि मोटरच्या बॉडीला फेज लागला किंवा जवळ वीज पडली तर दोन्ही अर्थमधे शेकडो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तुमचा माणूस एका हातानं मशीनची बॉडी आणि दुसऱ्या हातानं पीएलसीचं पॅनेल धरून उभा असतो. साइटवर खड्डे कितीही असू द्या, सगळे एकाच ग्रिडमधे पाहिजेत.

आता खड्ड्यानं फरक का पडला नाही ते सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं. ड्राइव्हमधे ४१५ व्होल्टचा डीसी होतो साधारण ५८५ व्होल्ट आणि आयजीबीटी (झटपट चालू-बंद होणारे स्विच) तो तुकडे तुकडे करून मोटरला देतात, सेकंदाला हजारो वेळा, आणि प्रत्येक तुकड्याची कड शंभरेक नॅनोसेकंदात वर चढते. मोटरची वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधे नैसर्गिक कपॅसिटर असतो, केबलच्या कोअर आणि ट्रेमधेही असतो. प्रत्येक कडेला त्या कपॅसिटरमधून करंटचा एक झटका बाहेर पडतो. हा करंट मातीत जाऊन मुरत नाही हो! तो ड्राइव्हमधून निघालाय, त्याला परत ड्राइव्हच्या डीसी बसवरच यायचंय. तुम्ही त्याला घरी यायला जवळचा रस्ता दिला नाही म्हणून तो मशीनच्या फ्रेममधून, लोडसेलच्या बॉडीवरून, शील्डवरून, पीएलसीच्या ० व्होल्टवरून जिथून जमेल तिथून परत येतोय.

आणि ते ०.८ ओहम टेस्टरनं मोजलं शंभरेक हर्ट्झला. ड्राइव्हचा नॉइज असतो मेगाहर्ट्झमधे. सरळ वायरला मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स धरा, तुमचा खड्डा २० मीटर लांब असेल तर २० मायक्रोहेन्री, म्हणजे १ मेगाहर्ट्झला ती वायरच सव्वाशे ओहमची झाली. खड्ड्यात तुम्ही मीठ कोळसा टाका नाहीतर केमिकल टाका, नॉइज तिथपर्यंत पोचतच नाही.

आता टेस्ट करा, फुकटच्या आहेत.

पहिली, ड्राइव्ह फक्त २ हर्ट्झवर चालवा, हॉपर रिकामा. स्क्रू जेमतेम फिरेल पण आयजीबीटीचं स्विचिंग पूर्ण चालू असेल. तरी वजन तेवढंच हललं तर इलेक्ट्रिकल नॉइज. स्पीडप्रमाणे कमी-जास्त झालं तर मग ते मेकॅनिकल व्हायब्रेशन आहे आणि शील्डनं काही होणार नाही.

दुसरी, मेन बंद करून डीसी बस उतरेपर्यंत किमान दहा मिनिटं थांबा, मीटरनं तपासा, मग मोटरच्या तिन्ही वायर ड्राइव्हच्या टर्मिनलवरून काढा आणि ड्राइव्ह व्ही बाय एफ (साध्या) मोडमधे मोकळा चालवा, आउटपुट फेज लॉसचा ट्रिप तेवढा तात्पुरता बंद करा. वजन शांत झालं तर चोर मोटरच्या केबलमधे आहे. नाही झालं तर सप्लायच्या बाजूला किंवा पॅनेलच्या आत.

तिसरी, लोडसेलची केबल ट्रेमधून काढून जमिनीवरून एकदम वेगळ्या वाटेनं तात्पुरती आणा आणि बघा.

आणि जुना मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर मिळाला तर घ्या, दोन स्टेशनांच्या मधे लावा, केबलजवळ फिरवा. कुठं घरघर वाढते ते ऐकू येतं, आणि बदल केल्यावर कमी झाली का तेही लगेच कळतं. पॅनेलवाल्याकडं स्कोप नसला तरी चालतो, हा पाहिजेच. स्कोप लावणार असाल तर साध्या प्रोबची अर्थची क्लिप ड्राइव्हच्या आउटपुटला चुकूनही लावू नका, सरळ शॉर्ट होतं.

अजून एक. ड्राइव्हमधे आतला फिल्टर असेल तर त्याला अर्थशी जोडणारा एक छोटा स्क्रू किंवा जंपर असतो. तो जागेवर आहे का बघा.

जुना_वायरमन

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. मी फक्त केबलबद्दल बोलतो कारण आपल्याकडं लोक लगेच म्हणतात शील्डवाली महाग आहे, आर्मर्ड टाका. स्टीलच्या तारेचं आर्मर म्हणजे शील्ड नव्हे, पण उघड्या केबलपेक्षा ते बरंच बरं, जर दोन्ही टोकाला धातूच्या ग्लँडमधे (केबल पकडणाऱ्या बुचात) नीट पकडलं तर. मी पाहिलेल्या निम्म्या ठिकाणी आर्मर पॅनेलच्या बाहेरच कापून टेप मारलेली असते, मग ते ना अर्थ ना शील्ड.

तांब्याच्या ब्रेडची (विणलेल्या जाळीची) केबल घेतलीत तर ती दोन्ही टोकाला जोडायची, मोटरलाही आणि ड्राइव्हलाही, इथं शील्ड एकाच टोकाला जोडायचा नियम लावू नका. मोटरच्या टर्मिनल बॉक्सला प्लॅस्टिक ग्लँड असेल तर बदला, पितळी घ्या, ग्लँडखालचा रंग घासून काढा. आणि शील्ड म्हणजे अर्थ कंडक्टर नव्हे, चौथा कोअर अर्थचा लागतोच. आपल्याकडं नियमानंच मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ लागतात, ते पण आहेत का बघून घ्या.

हळदपेठ_मेंटेनन्स

सगळ्यांचे मनापासून आभार, काल सुट्टी होती म्हणून दिवसभर हेच केलं.

नवा खड्डा जुन्याला पट्टीनं जोडला. २ हर्ट्झवर चालवला तर वजन तेवढंच हललं, ३५ ग्रॅम, म्हणजे व्हायब्रेशन नाही. मोटरच्या वायर काढून चालवला तर ४-५ ग्रॅमवर आलं. लोडसेलची केबल जमिनीवरून आणली (मोटर जोडलेली असताना) तर १५ च्या आसपास. ट्रान्झिस्टर मालकांच्या वडिलांचा मिळाला, ट्रेजवळ नेला की कान फाटतोय नुसता, आणि नवल म्हणजे मशीनच्या फ्रेमजवळसुद्धा तेवढाच ओरडतो.

आणि तो स्क्रू! ड्राइव्हच्या मॅन्युअलच्या पिशवीत सापडला, छोट्या पुडीत घालून ठेवलेला. ज्यानं ड्राइव्ह बसवला त्याला फोन केला तर म्हणाला ३० मिलिअँपचा ईएलसीबी (अर्थला गळती झाली की लाइन तोडणारा ब्रेकर) सारखा पडत होता म्हणून काढला. आता तो परत लावला की ईएलसीबी खरंच पडतोय. काय करू?

लोडसेलची शील्ड इंडिकेटरजवळ १२-१५ सेंटीमीटर शेपटी काढून हिरव्या वायरनं टर्मिनलला नेलीय. लोडसेलच्या बाजूला जोडलेली नाही. एकजण म्हणतो दोन्हीकडं जोड, एकजण म्हणतो अजिबात नको, ग्राउंड लूप होईल.

पॅनेलवायरिंग_भोसरी

म्हणजे तुमचा पाऊण प्रश्न त्या पुडीतच होता. तो स्क्रू म्हणजे फिल्टरच्या कपॅसिटरचं अर्थशी असलेलं नातं. नॉइजला ड्राइव्हमधे परत शिरायचा दरवाजा तोच, आणि तोच काढून ठेवला. मग तो करंट सप्लायच्या केबलमधून, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत फिरून येतो. स्क्रू काढायचा तो न्यूट्रल अर्थ न केलेल्या आयटी सिस्टिमवर, तुमच्याकडं नेहमीची न्यूट्रल अर्थ केलेली सप्लाय आहे तर लावायलाच पाहिजे.

ईएलसीबीचं असं की त्या कपॅसिटरमधून थोडा करंट अर्थला जाणारच, ती गळती त्याच्या कामाचा भाग आहे. ३० मिलिअँपचा ईएलसीबी माणसाला शॉक लागू नये म्हणून सॉकेटच्या सर्किटला असतो. तुमच्याकडं सगळं एकाच ईएलसीबीवर आहे असं दिसतंय. सॉकेट आणि लाइटिंगवर ३० चा तसाच ठेवा, तो काढायचा नाही. ड्राइव्हची लाइन वेगळी करा, मॅन्युअलमधे लिहिलेल्या टाइपचा १०० किंवा ३०० मिलिअँपचा लावा. आणि अशा गळतीच्या ड्राइव्हला संरक्षक अर्थ जाड लागतो, तांब्याचा १० स्क्वेअर एमएम किंवा मग दुसरी स्वतंत्र अर्थ वायर. का, तर ती एकच वायर तुटली तर सगळी बॉडी गळतीनं जिवंत होते. हे काम लायसन्सवाल्याकडून करून घ्या, लूप इंपीडन्सपण मोजायला सांगा.

पॅनेलच्या आत आता हे करा. ड्राइव्हच्या पाठीमागच्या प्लेटचा रंग घासा, ड्राइव्हचं बूड थेट उघड्या धातूवर बसलं पाहिजे. पुढचं पॅनेल करताना रंगवलेली प्लेट न घेता गॅल्वनाइज्ड मागा, किमतीत फारसा फरक नाही. दाराला गोल वायरऐवजी चपटी विणलेली ब्रेडची पट्टी, लांबी रुंदीच्या पाचपटीपेक्षा कमी. आणि मोटर केबलची शील्ड ड्राइव्हच्या खाली प्लेटवर क्लॅम्पमधे चहूबाजूंनी दाबून धरायची, शेपटी काढायची नाही. १२ सेंटीमीटरची शेपटी १० मेगाहर्ट्झला सात-साडेसात ओहम होते. एवढी महाग केबल घेऊन शेवटच्या १२ सेंटीमीटरमधे सगळं घालवायचं आणि मग शील्डनं फरक पडत नाही म्हणायचं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता फोटो मागितल्याशिवाय उत्तरच देत नाही.

वजनकाटा

लोडसेलचं मी सांगतो, माझं रोजचं काम आहे.

आधी आकडा डोळ्यासमोर आणा. लोडसेल २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा, इंडिकेटर ५ व्होल्ट देतो, म्हणजे पूर्ण १० किलोला फक्त १० मिलिव्होल्ट. १ ग्रॅम म्हणजे १ मायक्रोव्होल्ट! तुमचं ४० ग्रॅमचं नाचणं म्हणजे ४० मायक्रोव्होल्ट आणि शेजारून ५८५ व्होल्टच्या कडा पळताहेत. लोडसेल खराब नाही, बिचारा बरोबर काम करतोय.

एका टोकाला का दोन्ही, यावर लोक भांडत बसतात पण दोघंही आपापल्या फ्रिक्वेन्सीला बरोबर असतात. ५० हर्ट्झचा त्रास असेल आणि दोन्ही टोकांच्या अर्थमधे व्होल्टेज असेल तर दोन्हीकडं जोडल्यावर शील्डमधून करंट वाहतो, तो ग्राउंड लूप. पण मेगाहर्ट्झच्या नॉइजला एका टोकाला मोकळी सोडलेली लांब शील्ड अँटेनासारखी वागते. तुमचा त्रास ड्राइव्हचा आहे. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर इंडिकेटरच्या बाजूला शील्ड सोलून सरळ प्लेटवर क्लॅम्प केली असती, शेपटी बंद. मग मशीनची फ्रेम आणि पॅनेलची प्लेट एकमेकांना रुंद ब्रेडनं बांधली असती, आणि त्यानंतर लोडसेलच्या बाजूची शील्ड जोडून आणि न जोडता दोन्ही करून बघितलं असतं. फ्रेम आणि पॅनेल नीट एक झालं की लूपची भीती बरीचशी जाते. तरी जोडल्यावर वजन हळूहळू तरंगायला लागलं तर त्या टोकाला शील्ड आणि फ्रेमच्या मधे १० नॅनोफॅराडचा कपॅसिटर टाका, ५० हर्ट्झला तो बंद दार आणि नॉइजला उघडं. जोडायच्या आधी लोडसेलच्या मॅन्युअलमधे बघा, काही लोडसेलची शील्ड आतूनच बॉडीला जोडलेली असते.

तुमचा ट्रान्झिस्टर फ्रेमजवळ ओरडतोय ना, म्हणजे मोटरचा करंट फ्रेममधून फिरतोय आणि लोडसेल त्याच रस्त्यात उभा आहे. वरच्या आणि खालच्या प्लेटमधे, लोडसेलला वळसा घालून, लवचिक ब्रेडची एक पट्टी लावा म्हणजे करंट लोडसेलमधून न जाता पट्टीतून जाईल. पट्टी ढिली ठेवा, ताणलेली असली तर वजनच उचलून धरते आणि कॅलिब्रेशन बिघडतं. हे सगळं झाल्यावर कॅलिब्रेशन आणि स्टॅम्पिंगचं बघा, आधी नको.

इंडिकेटरचा डिजिटल फिल्टर वाढवून आकडा शांत दिसतो, पण पिशवी सुटायला उशीर होतो आणि जास्त भरते. त्या मोहात पडू नका.

सर्व्हो_नाशिक

एनकोडरवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. तुमचा एनकोडर २४ व्होल्ट पुश-पुलचा एकेरी आउटपुटवाला असेल, ए आणि बी अशा दोनच वायर आणि ० व्होल्ट. असल्या सिग्नलवर नॉइजचा एक झटका म्हणजे एक जास्तीचा पल्स, तो मोजला गेला की परत जात नाही, म्हणून प्रिंट एकाच बाजूला सरकत जातो. पीएलसीच्या हायस्पीड इनपुटला फिल्टर टाइम असतो तो वाढवून बघा. रोलर सेकंदाला दोन फेरे घेत असेल तर २ किलोहर्ट्झ, म्हणजे एक पल्स अडीचशे मायक्रोसेकंद वर आणि तेवढाच खाली, इथं दहा-वीस मायक्रोसेकंदाचा फिल्टर आरामात बसतो. पुढं कधी बदलायचा झाला तर लाइन ड्रायव्हरवाला घ्या, ए आणि त्याचा उलटा ए अशी पिळाची जोडी, पण पीएलसीचं इनपुट तसं आहे का आधी बघा.

कॅरिअर १२ वरून ४ वर आणा. कडा एक तृतीयांश होतात, अर्थला जाणारी गळती पण कमी होते, ड्राइव्हपण थंड राहतो. शिट्टीचा त्रास खराच आहे, कान त्या बायकांचे आहेत, ५ किंवा ६ वर मधला मार्ग सापडतो का बघा.

फेराईटची मोठी रिंग घेतलीत तर ड्राइव्हच्या आउटपुटच्या तिन्ही फेज एकत्र, एकाच दिशेनं, तीन-चार वेढे. अर्थची वायर आणि शील्ड रिंगच्या बाहेर ठेवायची. एकेका फेजला वेगवेगळी रिंग घालून उपयोग नाही, ती मोटरच्याच करंटनं भरून जाते.

मॉडबसला दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर आहे का, आणि वायर एकातून दुसऱ्यात अशी ओळीनं गेलीय का फांद्या काढल्यात? ए, बी बरोबर तिसरी कॉमनची वायर नसेल तर ती ओढा.

हळदपेठ_मेंटेनन्स

उशिरा लिहितोय, पंधरा दिवस कामात गेले. टप्प्याटप्प्यानं केलं आणि दर वेळी वजन लिहून ठेवलं, कुणाला उपयोग होईल म्हणून देतोय.

सुरुवातीला ३५ ते ४० ग्रॅम. ड्राइव्हची लाइन वेगळी करून, लायसन्सवाल्याकडून ३०० मिलिअँपचा ईएलसीबी बसवून, दुसरी अर्थ वायर ओढून स्क्रू लावला, १८ वर आलं. प्लेटचा रंग घासला आणि लोडसेलच्या शील्डची शेपटी कापून टाकून ती क्लॅम्प केली, ११. लोडसेलची केबल वेगळ्या पाइपमधून मोटरच्या केबलपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवून आणली, जिथं मोटरच्या केबलला ओलांडते तिथं काटकोनात, ६ झालं. इथपर्यंत मोटरची केबल बदललीच नव्हती! मालकांना हे आकडे दाखवले तेव्हा त्यांनी स्वतःच शील्डवाली केबल आणा म्हणून सांगितलं. ती दोन्हीकडं पितळी ग्लँड आणि क्लॅम्पनं बसवली, लोडसेलला वळसा घालून ब्रेड लावली, कॅरिअर ५ वर. आता १ ते २ ग्रॅम.

लोडसेलच्या बाजूची शील्ड जोडून बघितली, आमच्याकडं काही फरक दिसला नाही, म्हणून कपॅसिटर टाकून ठेवलाय.

प्रिंट आता आठ तासांच्या पाळीत १ मिलिमीटरच्या आत राहतो, इनपुट फिल्टर २० मायक्रोसेकंद केलाय. मॉडबसच्या एका टोकाला १२० ओहम नव्हताच. तोलत बसणाऱ्या माणसाला परत त्याच्या कामावर पाठवलं.

एक राहिलंय. शेजारच्या शेडमधे आमचाच साडेसात एचपीचा ग्राइंडर आहे, त्याला पण व्हीएफडी आहे आणि त्याच्या मोटरचं बेअरिंग वर्षात दोनदा गेलंय. काढलेल्या बेअरिंगच्या आतल्या रिंगवर धोब्याच्या पाटीसारख्या आडव्या रेघा आहेत. याचा याच्याशी संबंध आहे का?

पॅनेलवायरिंग_भोसरी

आहे. तोच करंट तिथं शाफ्टवरून बेअरिंगच्या ग्रीसमधून ठिणग्या मारत जातोय, त्या रेघा त्याच्याच. तिथंही स्क्रू, केबल, ग्लँड याच क्रमानं बघा, मग शाफ्ट ग्राउंडिंगची रिंग किंवा पंख्याच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग. रेघांचा आणि मोटरच्या टर्मिनल बॉक्सचा फोटो टाका.